पवनेच्या पाण्यावर पॅडलबोर्ड घेताना

संपादक महाशय,

पावसाळा सरला की पवना धरणाच्या काठी तंबू पडतात आणि हल्ली त्यांच्या जोडीला उभ्याने वल्हवायचे पॅडलबोर्डही दिसतात. काही भाड्याचे, काही ऑनलाइन मागवून डिकीतून आणलेले. याचा आम्हाला आनंदच आहे. मोटार नाही, धूर नाही आणि पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी जाणाऱ्या या पाण्यात तेलाचा थेंबही पडत नाही. मात्र बोर्ड घेताना बहुतेक जण जाहिरातीतला फोटो बघतात आणि फोटोतले पाणी नेहमी निवांत असते. सुट्टीच्या दिवशी तुंग-तिकोना किल्ल्यांखालच्या या पाण्यात मोटारबोटींच्या लाटा, पोहणारी मुले आणि दुपारचा पश्चिमेचा वारा या तिन्हींशी एकाच वेळी गाठ पडते.

म्हणून लांबीच्या आधी रुंदी बघावी. नवख्या माणसाला ३२ ते ३४ इंच रुंद आणि साडेदहा ते अकरा फूट लांब बोर्ड पुरतो. पुढे मूल बसवायचे असेल तर ३४ इंचांच्या खाली उतरू नये. साडेबारा फुटी, निमुळत्या नाकाचा टूरिंग (लांब पल्ल्याचा) बोर्ड सरळ आणि वेगाने जातो हे खरे; पण त्याची रुंदी २८-३० इंच असेल, तर मोटारबोटीची लाट आडवी लागताच नवखा पाण्यात जातो. तो मंगळवार-बुधवारच्या सकाळसाठी ठेवावा. बोर्डवर छापलेली कमाल वजनमर्यादा म्हणजे तेवढ्या वजनाला बोर्ड तरंगतो, इतकेच. तो नीट वळावा आणि सरळ चालावा असे वाटत असेल, तर माणूस व सामान धरून त्या आकड्याच्या दोन तृतीयांशात राहावे.

गर्दीच्या पाण्यात आमचा कौल हवा भरायच्या बोर्डला आहे. फायबरचा कडक बोर्ड पोहणाऱ्याच्या डोक्याला लागला तर जखम होते आणि खडकावर आपटला की तडकतो. हवेच्या बोर्डचे वजन साधारण ८ ते ११ किलो असते, तो घडी करून घरी नेता येतो. त्याची जाडी मात्र तपासून घ्यावी. चार इंची बोर्ड ७०-८० किलोच्या माणसाखाली मधोमध वाकतो. सहा इंची ताठ राहतो, पण पाण्यावर उंच असल्याने वारा त्याला जास्त ढकलतो. हलक्या अंगाच्या माणसाला पावणेपाच-पाच इंच उत्तम.

सर्वात जास्त घोळ हवेच्या दाबात होतो. बहुतेक बोर्डना १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) लागतात. हातपंप आठ-नऊच्या पुढे जड होतो आणि लोक तिथेच थांबतात. मग बोर्ड डगमगतो, वळत नाही आणि दोष पायांना दिला जातो. पंप दुहेरी झटक्याचा, म्हणजे दांडा वर ओढताना आणि खाली दाबताना दोन्ही वेळा हवा भरणारा असेल, तर शेवटी तो एकेरीवर घ्यावा. जोर कमी लागतो. व्हॉल्व्हच्या आतली पिन दाबून फिरवली की वर येते. ती वर आलेली असेल तरच हवा आत राहते. खाली राहिली, तर नळी काढताच सगळी हवा फस्सकन बाहेर जाते आणि पंपाची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. उलट, पूर्ण भरलेला बोर्ड काठावर उन्हात टाकू नये. २५ अंश तापमानाला १५ पीएसआय भरलेल्या बोर्डमधली हवा ६० अंशांपर्यंत तापली की दाब अठराच्या पुढे जातो आणि डिंकाने जोडलेल्या कडा सुटू लागतात. जेवायला बसताना बोर्ड सावलीत न्यावा, नाहीतर दोन-तीन पीएसआय हवा सोडावी.

बोर्डच्या तळाला लावायच्या फिनकडे, म्हणजे पंखाकडे, कोणी बघतच नाही. नऊ इंची मधला फिन बोर्डला सरळ ठेवतो. पण एप्रिल-मेमध्ये पाणी उतरते, एरवी बुडालेले खडक आणि खुंट वर येतात. त्यांत फिन अडकला की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस तोंडावर पुढे फेकला जातो. त्या दिवसांत चार-पाच इंची फिन लावावा. त्यासाठी फिनची खाच सर्वत्र चालणारी, स्क्रूने बसणारी हवी. एकाच कंपनीची क्लिप असेल तर हरवलेल्या फिनला जोड मिळत नाही.

वल्हे आपल्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर लांब धरावे. पात्याचा कल पुढच्या बाजूला हवा. अनेक जण ते उलटे धरतात. मोटारबोटीची लाट दिसली की बोर्डचे नाक तिच्याकडे थोडे तिरपे वळवावे, गुडघे वाकवावेत आणि पाते पाण्यातच ठेवावे. लाट मोठी वाटली तर सरळ गुडघ्यांवर बसावे.

लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि लाइफ जॅकेट हे बोर्डचेच भाग समजावेत. पडलेल्या माणसाच्या पोहण्यापेक्षा वाऱ्यावरचा रिकामा बोर्ड जोरात पळतो. पोटरीला बांधलेली गुंडाळीची लीश तो हाताशी ठेवते. ज्याला पोहता येत नाही त्याने १०० न्यूटन तरंगशक्तीचे जॅकेट अंगात घालून बकल लावावे, बोर्डवर बांधून ठेवू नये. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ मध्येच लाटांच्या पट्ट्याबाहेरचा पॅडलबोर्ड नौका ठरवून त्यावर जॅकेट बंधनकारक केले. बोर्ड आणि जॅकेट नारिंगी किंवा पिवळे घ्यावे; मोटारबोट चालवणाऱ्याला उन्हाच्या तिरिपेत पाण्यातले डोके दिसत नाही.

निघताना आधी वाऱ्याच्या तोंडाशी जावे, म्हणजे थकल्यावर वारा परत आणतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे वारा असेल तर नवख्याने उतरू नये.

भाड्याने बोर्ड देणाऱ्यांना आमची विनंती आहे: प्रत्येक गिऱ्हाइकापुढे गेज लावून दाब दाखवा, जॅकेटला शिट्टी बांधा आणि मोटारबोटींची ये-जा तरंगत्या खुणा लावून वेगळी करा. गिऱ्हाइकांनीही जलाशयाच्या त्या भागात उतरायला परवानगी आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारावे.

आपले,
पॅडलबोर्ड शिकवणारे काही प्रशिक्षक, पवन मावळ