जिंजरसाठी रडलीस म्हणून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर रडवेली होऊन म्हणालीस, "जिंजर घोडी मेली, आता 'ब्लॅक ब्यूटी' पुढे वाचणारच नाही." तुझी मर्जी. पण घोड्याच्याच तोंडून सांगितलेली ही कादंबरी लिहिणारीबद्दल थोडं ऐकून घे.

अ‍ॅना स्यूएल १८२० साली इंग्लंडमध्ये ग्रेट यारमथला जन्मली. चौदाव्या वर्षी, म्हणजे तुझ्याच वयाची असताना, शाळेतून पावसात घरी येताना घसरून पडली. घोट्यांना मार लागला, तो कधीच भरून आला नाही. मग बाहेर पडायचं तर घोडागाडीच. वडिलांना स्टेशनवर सोडणं-आणणंही तिच्याकडे. लगाम सैल धरून, घोड्याशी बोलत ती गाडी हाकायची. ज्याच्या पायांनी आपण चालतो त्याचं दुखणं तिला कळणार नाही तर कुणाला?

पुस्तकातला तू विचारलेला तो घोड्याची मान ताणून धरणारा पट्टा तेव्हाच्या बड्या घरांतली फॅशन होती. मान रुबाबात वर दिसावी म्हणून. अगं, चढणीवर ओझं ओढताना घोड्याला मान खाली घालून जोर लावावा लागतो. तीच मान वर बांधली की श्वास कोंडतो, पाठ भरून येते. हे घोडे सांभाळणाऱ्यांना कळावं म्हणून तिने लिहिलं. मुलांचं पुस्तक म्हणून नव्हेच. भाषा इतकी साधी आहे ती त्यामुळेच.

१८७१ मध्ये तिने लिहायला घेतलं तेव्हा तब्येत पार ढासळली होती. बरं वाटेल त्या दिवशी पडल्या पडल्या चिठोऱ्यांवर पेन्सिलीने चार ओळी, नाहीतर आईला तोंडी सांगायची. आई, मेरी, स्वतः नावाजलेली लेखिका. पण ती लेकीची चिठोरी उतरवून काढत बसली. सहा वर्षं! मला हे वाचून भरून आलं, सई.

पुस्तक नोव्हेंबर १८७७ मध्ये आलं. तिचं हे एकच पुस्तक. पाचच महिन्यांत, ५८व्या वर्षी अ‍ॅना गेली. अंत्ययात्रेची गाडी दारात आली तेव्हा आईने पाहिलं, घोड्यांना तोच पट्टा बांधलेला. तिने सगळ्यांचे पट्टे आधी काढायला लावले आणि मगच गाडी हलली.

तुझी,
आई