हरेवा शोधताना मोबाइल खिशात ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आंबोली, तिलारी, मोलेंच्या रानांत पक्षी पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. परतताना पुष्कळांची तक्रार ठरलेली असते : हरेव्याचा, म्हणजे पानांत लपणाऱ्या त्या हिरव्या पक्ष्याचा, आवाज मिळाला, पक्षी काही दिसला नाही. आम्हाला तर शंका आहे की त्यांतल्या बऱ्याच जणांना हरेव्याचा आवाजही मिळालेला नसतो. मोबाइलमधल्या ॲपने एक नाव दाखवलेले असते, इतकेच.

हरेवा पक्का नकलाकार आहे. कोतवाल, शिक्रा, बुलबुल यांचे आवाज तो एकापाठोपाठ एक काढतो आणि मधूनच आपले सूर मिसळतो. ॲप बिचारे ऐकले त्याला नाव देते. यादीत शिक्रा चढतो आणि झाडावर शिक्रा नसतोच. शिवाय भृंगराजही नकला करतो. एकाच जागेवरून मिनिटभरात तीन-चार जातींचे आवाज आले, तर या दोघांपैकी कुणीतरी समोर आहे असे धरून चालावे. भृंगराज बहुधा शेंड्याखालच्या मोकळ्या फांदीवर बसतो. त्याचा काळा रंग आणि शेपटीच्या दोन लांब तारा सहसा लपत नाहीत. तसे काही दिसले नाही, तर नजर पानोऱ्याच्या बाहेरच्या कडेकडे वळवावी.

पण खरे सांगायचे तर आवाजाच्या मागे धावूच नये. आधी झाड शोधावे. हरेवा किडे आणि फळे खातो, तसाच मधावरही तुटून पडतो. जानेवारी ते मार्चमध्ये फुललेली काटेसावर किंवा पांगारा रानाच्या कडेला मिळाला की निम्मे काम झाले. हे दोन्ही वृक्ष फुलताना जवळजवळ निष्पर्ण असतात. एरवी पानांत विरघळून जाणारा हिरवा पक्षी तिथे लाल फुलांवर उघडा पडतो. दाट सदाहरित रानात ही सोय नाही. तिथे उंच झाडांवरचे फुललेले बांडगूळ हेरावे. हरेवा तिथे उलटा लटकूनही मध पितो आणि इतरांना फुलांजवळ टिकू देत नाही. म्हणून फुलांवरचे शिंजीर पक्षी अचानक पांगले, तर लगेच त्या झुपक्याकडे पाहावे.

उभे कुठे राहता यावर बरेच अवलंबून आहे. पंचवीस मीटर उंच झाडाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहिले, तर उजळ आभाळावर हिरवा पक्षी काळा दिसतो आणि मान दुखते ती वेगळीच. घाटातल्या रस्त्यावर उताराच्या वरच्या अंगाला थांबावे, म्हणजे खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात. सूर्य पाठीशी हवा. पहाटेपेक्षा शेंड्यांवर ऊन आल्यानंतरचे दोन तास अधिक बरे, कारण तोवर सावलीतला हिरवा आणि पानांचा हिरवा वेगळे काढता येत नाहीत. दुर्बीण 8×42 (म्हणजे 8 पट मोठे दाखवणारी) पुरे. 10 पटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो खरा, पण दृश्याचा घेर सहसा लहान होतो, आणि हा पक्षी क्षणभर स्वस्थ बसत नाही.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. वारा नसताना एखादेच पान हलले, तर नजर तिथेच खिळवून दुर्बीण डोळ्यांना लावावी. बहुतेक जण दुर्बिणीकडे पाहायला मान खाली घालतात आणि पुन्हा ते पान शोधत बसतात. निखार, नाचण, वल्गुली अशा पक्ष्यांचा मिश्र थवा जात असेल, तर पुढच्या पक्ष्यांमागे न जाता थवा पूर्ण सरेपर्यंत थांबावे. हरेवा अशा थव्यांतही असतो.

रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावण्याची खोड मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून नर चारा सोडून धावत येतो. विणीच्या काळात हा खर्च त्याला परवडत नाही. आणि प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्याने तेच वाजवले, तर काही दिवसांत तो प्रतिसाद देणेही सोडू शकतो. मार्गदर्शकांनी पर्यटकांना सरळ नाही म्हणावे. घरटे फांदीच्या टोकाला, उंचावर असते. फोटोसाठी आडची पाने तोडली की ते उन्हाला आणि कावळ्यांना मोकळे होते.

दिसल्यावर ओळख पटवतानाही घाई होते. जाड चोचीचा, एका जागी ठाण मांडून बसलेला हिरवा पक्षी म्हणजे कुटुर्गा. पंखांवर पांढरे पट्टे असतील तर सुभग. बारीक, किंचित बाकदार काळी चोच आणि साधारण 19 सेंटिमीटर लांबी ही हरेव्याची. कपाळ नारिंगी-सोनेरी असेल तर सोनकपाळी हरेवा. कपाळ हिरवे, गळा काळा आणि गालावर निळी मिशी असेल तर दुसऱ्या जातीचा, म्हणजे जर्डनच्या हरेव्याचा, नर. जर्डनच्या मादीचा गळा फिकट निळसर असतो. सोनकपाळीच्या पिल्लाला ना सोनेरी कपाळ असते ना काळा गळा, त्यामुळे त्याची नोंद हमखास जर्डनच्या खात्यात जाते. मिशी नीट दिसली नसेल, तर ‘हरेवा, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तशी नोंद करता येते.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, सावंतवाडी