तात्यांच्या ताटाविषयी

दादर, मुंबई
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तात्यांच्या पावलावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा निघाला, औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि तरीही घरात त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवले आहे, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती वाटणे चूक आहे का, असे तू विचारतोस. लहानपणी दादरच्या पुलावर बोटे झडलेल्या माणसाच्या वाडग्यात नाणे वरूनच सोडायचे, वाडग्याला हात लागू द्यायचा नाही, हे मला आजीने शिकवले आणि मी ते कित्येक वर्षे पाळले; मग मी तुला कोणत्या तोंडाने दोष देऊ?

म्हणून फादर डेमियन यांच्याविषयी लिहितो. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकरी घरात १८४० मध्ये जन्मलेले हे मिशनरी १८६४ मध्ये आजारी भावाच्या जागी हवाईला पोहोचले. तिथे पुढच्याच वर्षी कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा झाला आणि त्यांना मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडू लागले. तीन बाजूंना समुद्र आणि पाठीशी उभा कडा. चार धर्मगुरूंनी तिथे पाळीपाळीने जावे, असे बिशपांनी ठरवले होते. १० मे १८७३ रोजी पहिली पाळी डेमियन यांची लागली आणि ते परतलेच नाहीत. सोळा वर्षे त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, नळाने पाणी आणले, शवपेट्या स्वतः ठोकल्या आणि कबरीही खणल्या.

मला मात्र त्यांच्या जेवणाविषयी तुला सांगायचे आहे. तिथले लोक अळूच्या जातीच्या कंदाचे पोई हे सरसरीत अन्न एकाच भांड्यातून बोटांनी खात असत, आणि डेमियन त्याच भांड्यात हात घालीत. रोग जडल्यानंतर ते प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणू लागले, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. परंतु तिथे पोहोचल्यावर सहाच महिन्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा शब्दप्रयोग नोंदवला आहे, म्हणजे अंगावर एकही चट्टा नसताना. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच. त्यांच्या मनातला शब्द ‘आपण’च असणार, असे मला वाटते.

तू म्हणशील, शेवटी त्यांनाही रोग झालाच. खरे आहे. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्याने पाऊल भाजले आणि त्यांना वेदनाच झाली नाही, तेव्हा त्यांनी ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी ते गेले. पण त्या काळी या रोगावर गुणकारी औषधच नव्हते. रोगाचा जंतू हॅन्सन यांना नॉर्वेत सापडला तोही १८७३ मध्येच. तात्या घेत आहेत ते औषध सुरू झाले की संसर्ग पोहोचवण्याची शक्ती थोड्याच काळात जाते, आणि बहुतेक माणसांत या रोगाला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. तेव्हा वेगळे ताट कोणाचेच रक्षण करत नाही.

डेमियन यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये निधी उभारला गेला, त्यातून एक आयोग १८९०-९१ मध्ये भारतात आला आणि हा रोग संसर्गाने फारच थोडा पसरतो, असे त्याने सांगितले. तरीही १८९८ मध्ये निराधार रुग्णांना कोंडण्याचा कायदा झालाच, आणि तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. आमच्या वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयही १८९० चेच. इतकी वर्षे त्याच्या इतक्या जवळ राहून मी हे सारे उशिरा वाचले, याचे मला वाईट वाटते.

आता तात्यांच्या पावलाचे बघ. डेमियन यांचे पाऊल भाजले तसे तात्यांचेही नकळत भाजेल, कापेल. रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचे, मग तेल लावायचे, आणि तळवा कोणीतरी उजेडात नीट पाहायचा. हे काम सुनेवर न टाकता तू स्वतः कर. मऊ तळाच्या खास चपला मिळतात, त्या मी इथून आणीन. तात्यांना कागदावर उभे करून दोन्ही पावले पेन्सिलीने रेखून घे आणि तो कागद लगेच पाठव. पुढच्या शनिवारी मी चपला घेऊन जेवायलाच येतो. माझे पान तात्यांच्या शेजारी मांड.

तात्यांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
बाळ