नाव माहीत नसलेल्या माणसांनो, मनापासून थँक्यू

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमधे २६ जण मारले गेले, त्या दिवशी मी, आई आणि मावशी श्रीनगरमधे होतो. आम्हाला काहीच झालं नाही, असं सगळे म्हणतात आणि आम्हीपण तेच म्हणत होतो. पण साताऱ्यात परत आल्यावर आईची झोप गेली, वरातीत फटाके वाजले की थरथरायची, राजवाड्यावर गर्दीत जायचंच बंद केलं, आणि दिवसभर टीव्हीवर तेच तेच व्हिडिओ बघत बसायची, त्यानं तर अजूनच वाढत गेलं.

श्रीनगरच्या ड्रायव्हर दादा, रात्री आम्हाला स्वतःच्या घरी ठेवलंत, पैसे घेतले नाहीत, तुमच्या अम्मी आईचा हात धरून रडल्या. कसं विसरू?

एसटी स्टँडवर आई गुदमरल्यासारखी झाली तेव्हा शेजारी बसून हळूहळू श्वास घ्यायला लावणाऱ्या ताई, तुमची गाडी चुकली ना त्या नादात!

आणि टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वरचा तो शांत आवाज. फोन फ्री असतो, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्यांनी सांगितलं, असं होणं म्हणजे वेड नाही, बातम्या बंद करा, आणि महिन्याभरानंतरही त्रास राहिला तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. आई आता बरीच सावरलीय, परवा मावशीबरोबर मंडईत जाऊन आली. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आईला तुम्हाला भेटायचंय, घरी जेवायला या.