तिसरीचं पहिलं सत्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तिसरीचा वर्ग मिळाला, छान झालं. जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचं सत्र कागदावर मोठं दिसतं. त्यातून पावसाच्या सुट्ट्या, गणपती, नवरात्र वजा कर म्हणजे कळेल. म्हणून सगळ्याला सारखा वेळ देऊ नकोस. वजाबाकीला सढळ हाताने दे, बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

वजाबाकी अडते ती मध्ये शून्य आलं की. फळ्यावर 302 − 147 मांड. बरीच मुलं 245 लिहितील. 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलटं 7 मधून 2 काढतात, 0 मधून 4 जात नाहीत म्हणून 4 तसेच खाली उतरवतात. त्यावर नुसती फुली मारून काही होत नाही, काड्या काढ. खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे, दहाचा गठ्ठा रबराने बांधलेला, दहा गठ्ठ्यांची एक पिशवी. 302 म्हणजे तीन पिशव्या आणि दोन सुट्या. द्यायच्यात सात, आणि सोडायला गठ्ठा एकही नाही. मग पिशवी उघडायची, दहा गठ्ठे बाहेर, त्यातला एक सोडायचा. आता दोन पिशव्या, नऊ गठ्ठे, बारा सुट्या. ते नऊ कुठून आले हे मूल गठ्ठे मोजून स्वतः सांगेपर्यंत वहीत शून्य खोडून वर 9 लिहायला शिकवू नकोस. 155 आले की त्यात 147 मिळवून ताळा त्यांनाच करू दे. प्रत्येक गटाला तीनशे काड्या पुरवणं जमणार नाही. पिशव्यांचा एकच संच कर, गटांना दोन अंकी गणितापुरते गठ्ठे दे.

भाषेत 'र' छळतो. सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या हे चार शब्द भिंतीवर कायम राहू देत. रफार मुलं जिथे ऐकतात तिथे, म्हणजे 'सू'वर देतात. 'सूर्‌' म्हणून थांबायचं, पुढे जे अक्षर येईल त्याच्या डोक्यावर रफार, एवढं तोंडी दहादा करून घे. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मोठ्याने वाचायचा उतारा पाठ झालेल्या धड्यातला देऊ नकोस, नाहीतर कोण वाचतंय आणि कोण घोकलेलं म्हणतंय ते कळत नाही.

परिसर अभ्यासात मूग रुजवताना तीन पेले ठेव: एक कोरडा, एक ओल्या कापसाचा, एक काठोकाठ पाण्याचा. कापूस ओला हवा, पाणी साचलेलं नको. मुलं प्रेमाने येता-जाता पाणी घालतात आणि दुसऱ्या पेल्याचाही तिसरा होतो, मूग कुजून वास मारतात. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही हे तिथेच दाखवून टाक. सोमवारी भिजव, म्हणजे मोड फुटताना मध्ये रविवार येणार नाही.

तिसरीला आकारिकचे, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या रोजच्या मूल्यमापनाचे 60 आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे 40 गुण, तेव्हा नोंदवही ऑक्टोबरवर ढकलू नकोस. 'प्रगती चांगली' ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. 'दशकात शून्य असलं की अडते, काड्या दिल्या की जमतं' असं लिही, पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं ते त्यातच येतं. रोज चार-पाच मुलांची एकेक ओळ पुरते.

तुझी,
आई