काका, ती जुनी डिस्क अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट. "नाव लिहिलंस तर उद्यापासून दारात जुने सीपीयू येऊन पडतील," म्हणालात. बरं, नाव नाही. पण माझा जुना संगणक तुम्ही वाचवलात, त्याच्या आभाराचं पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिणार. एक तर तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, पंखा आवाज करतो का अजून?" असं काहीतरी विचारून विषय बदलता. आणि दुसरं, तुमच्याआधी जे जे येऊन शहाणपण शिकवून गेले, त्यांच्याही हे वाचनात यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझा संगणक २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आत गरगर फिरणारी डिस्क. विंडोज ७ घेऊन घरात आला, पुढे त्याचं १० झालं. मुद्रितं तपासायचं माझं सगळं काम याच्यावर चालतं. त्याला पळवायचं नसतं, व्हिडिओ बनवायचे नसतात. अक्षरं दिसली, ती दुरुस्त करता आली आणि फाईल पाठवता आली, की माझं काम झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्या, संपणार, हे त्याच्या आधीपासून पडदाभर सूचना येऊन येऊन मला पाठ झालं होतं. विंडोज ११ घ्या म्हणे. घ्यायला गेले तर म्हणे तुमचा संगणक नियमात बसत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. चालू असलेलं, काल रात्रीपर्यंत काम केलेलं यंत्र एका यादीत नाही, एवढ्यावर बाद.

मग सुरू झाली सल्ल्यांची वरात. एक दुरुस्तीवाले आले, त्यांनी खोका उघडलासुद्धा नाही. कोणत्या सालचा एवढंच विचारलं आणि म्हणाले, "मॅडम, एक्स्पायर झालाय." जणू खोकल्याचं औषध! तारीख उलटली की चालूच होणार नाही, असंही ठोकून दिलं. दुसऱ्यांनी नव्या संगणकाचं माहितीपत्रकच सोबत आणलं होतं. बोलता बोलता ते माझ्याकडे बघतच नव्हते, नवं टेबल कुठं बसेल याचा अंदाज घेत होते. तिसरे नात्यातले, फार हुशार. "लिनक्स टाक, दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाले (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली), ढीगभर लिंका पाठवल्या आणि त्यानंतर फोन उचलेनात. लिंका सगळ्या इंग्रजी, आणि प्रत्येकीत पहिल्याच ओळीत काहीतरी काळ्या खिडकीत टाईप करायला सांगितलेलं.

यातल्या एकानेही मला सांगितलं नाही की आणखी एक वर्षाची मुदत मिळते. ते तुम्ही सांगितलंत, तेही आल्या आल्या, पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढायच्या आधी. "घाई नाहीये तुला. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून नाव नोंदवलंस तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील, फुकटातही होतं. वर्षभर विचार कर हवं तर." काका, तुम्ही काम करायला आला होतात आणि पहिलं वाक्य काय बोललात, तर हे काम आज केलं नाही तरी चालेल! मी तिथेच अर्धी निश्चिंत झाले.

तारीख उलटल्यावर खरंच काय होतं, तेही पहिल्यांदा तुमच्याचकडून कळलं. संगणक बंद पडत नाही, फायली जात नाहीत, सकाळी नेहमीसारखाच सुरू होतो. फक्त त्यानंतर सुरक्षेतली जी नवी भोकं सापडतील ती कुणी बुजवत नाही. घाबरवलं नाहीत, आणि "काही होत नाही हो" असं म्हणून उडवूनही लावलं नाहीत. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची गोष्ट सांगितलीत. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या फायलींना दोन महिन्यांनी कुलुपं लागली, आणि जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला असूनही तेवढ्यापुरती त्याच्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. "म्हणजे बँकेचं काम यावर करत असशील तर असंच चालू ठेवू नकोस," एवढं म्हणालात आणि गप्प बसलात. पुढचं माझ्यावर सोडलंत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

तुम्ही विचारलंत, फायली कुठे कुठे ठेवल्या आहेत. मी सांगायला लागले आणि सांगता सांगता २०२० ची गोष्ट तोंडातून बाहेर पडली. त्या जानेवारीत, १४ तारखेला, विंडोज ७ चा सपोर्ट संपला. तेव्हा एकाला बोलावलं होतं. त्याने काही न विचारता विंडोज १० चढवलं आणि जाताना म्हणाला, "सी ड्राइव्हच फॉरमॅट केलाय, डी जसाच्या तसा आहे, काळजी करू नका." सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग; सी पुसला गेला, डी जसाच्या तसा होता, खरं आहे. त्यात काहीच नव्हतं. माझं सगळं डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप सी मध्येच असतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी ते बोलायचे आणि मी टाईप करायचे, ती फाईल तिथे होती. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "डेस्कटॉपवर कशाला ठेवायचं मॅडम?" पुढे कुणीतरी सांगितलं की लगेच बंद करून ठेवला असता तर काही परत मिळालं असतं कदाचित. तोवर त्याच डिस्कवर नवीन बरंच काही लिहून झालं होतं.

हे ऐकून तुम्ही "हं" म्हणालात. बाकी काही नाही. "अरेरे" नाही, "बॅकअप घ्यायला हवा होता" तर नाहीच नाही. मला वाटलं, तुम्ही ऐकलंच नसावं.

मग खोका उघडलात, रंगाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडलीत, आणि जुनी डिस्क काढून बाजूला ठेवलीत. नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, मिंट नावाचं लिनक्स घातलं, फायली उतरवून घेतल्या, ते सगळं तुमचं तुम्ही केलंत. त्यातलं मला फारसं कळलं नाही आणि इथे सांगण्यात अर्थही नाही. निघताना तुम्ही एक चंदेरी पिशवी माझ्या हातात दिलीत. आत जुनी डिस्क. पिशवीवर कागद चिकटवलेला, आणि त्यावर तुमच्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अक्षरात, पट्टी धरून ओढल्यासारख्या शिरोरेघा मारून लिहिलेलं: "मूळ डिस्क. यातलं काहीही पुसलेलं नाही. नवीन नाही आवडलं तर हीच परत लावायची. चार स्क्रू, दोन केबल." खाली तारीख. आणि ते चार स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून, पुडी टेपने पिशवीलाच चिकटवलेली.

तुम्ही ऐकलं होतं, काका.

तीच डिस्क पुसून पुन्हा वापरता आली असती. तुमच्याकडे अशा डिस्का लागतातच, नाही का, लोकांच्या फायलींच्या प्रती ठेवायला? मी तर म्हणालेही होते की हवी तर घेऊन जा. तुम्ही नुसती मान हलवलीत. ती पुडी हातात आली तेव्हा मी दारात उभी राहून भलतंच काहीतरी बोलत बसले, जिना नीट उतरा वगैरे, कारण दुसरं काही बोलायला गेले असते तर रडले असते. आज ते दुसरं लिहिते आहे.

बाकीच्या सगळ्यांना माझ्याकडून एक निर्णय हवा होता. घ्या नाहीतर टाका. तुम्ही मला मन बदलायची सोय करून दिलीत, तीही लेखी, स्क्रूंसकट. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं तो माणूस बहुतेक वेळा आपल्याला घाईला तरी लावतो, नाहीतर लहान तरी करतो. डॉक्टर, वकील, दुरुस्तीवाले, सगळीकडे अनुभव तोच. आणि मधूनच असा एखादा भेटतो की त्याचं ज्ञान आपल्या अंगावर येत नाही, आपल्या शेजारी बसतं. अशा माणसांची जाहिरात कुठे नसते, म्हणून ती कमी आहेत असं वाटतं. मला तर आता वाटायला लागलंय की ती बरीच असावीत. तुम्ही घातलेलं हे मिंटच बघा. त्याच्याखालचं लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून सुरू केलेलं, आणि लिबर ऑफिस या लिहायच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत जे मराठी शब्द माझ्यासमोर येतात, ते कुणीतरी बसून मराठीत आणलेले. काही शब्द वाचून माझ्यातली मुद्रितशोधक खवळते, हेही सांगते. पण त्या लोकांना मी कधी भेटले नाही, त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही.

मराठी टाईप करायची माझी इनस्क्रिप्ट मांडणी तशीच्या तशी निघाली, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. ती मांडणी कुठल्या एका कंपनीची नाहीच, त्यामुळे बोटांना काही कळलंसुद्धा नाही की खालचं सगळं बदललंय. खरी धाकधूक होती जुन्या फॉन्टांतल्या फायलींची. युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचं माझं कितीतरी काम तसल्या फॉन्टांत आहे. पहिली फाईल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि विचित्र चिन्हं! माझ्या पोटात गोळा. तुम्ही शांतपणे जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाईल आणून इकडे ठेवलीत, माझी फाईल बंद करून पुन्हा उघडलीत, आणि तोच कचरा बघता बघता मराठी झाला, वेलांट्या-उकारांसकट. लगेच हेही सांगितलंत की वाचता येईल, पण त्या फॉन्टांत टाईप करायचं जे जुनं सॉफ्टवेअर आहे ते इथे चालेलच असं नाही, त्यात नवीन लिहायचं असेल तर त्याचा भरवसा धरू नकोस. मला नवीन लिहायचं नव्हतंच. पण आधी सांगितलंत, हे महत्त्वाचं.

तसंच त्या वेगाचं. संगणक आता बटण दाबल्यावर मी खुर्ची ओढून घेईपर्यंत तयार असतो. मी लिनक्सचं कौतुक करायला लागले तर तुम्ही मला अडवलंत: "यातलं बरंचसं एसएसडीचं आहे. हीच एसएसडी घालून विंडोज १० ठेवलं असतं तरी पुष्कळ फरक पडला असता." आपण केलेल्या कामाचं श्रेय असं कमी करून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि यालाही तारीख आहेच, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, मग पुढची घालायची. "खोका टिकला तर," म्हणालात. टिकेल हो. त्याची खटाखट करणारी डिस्क तर कपाटात गेली.

त्या माहितीपत्रकवाल्यांना एक सांगायचं आहे. २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा तयार झाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यात माझ्या खोक्याची भर घालायची तुम्हाला एवढी घाई कशाची होती? नवा संगणक ज्याला लागतो त्याने जरूर घ्यावा. मला लागत नव्हता, आणि ते विचारायला दोन मिनिटं लागली असती.

काका, घरातली बातमी अशी: सगळं छान चाललंय, प्रिंटर आपोआप ओळखला गेला, स्कॅनर मात्र ढिम्म हलत नाही. तुम्ही हाताचे पैसे घेतले नाहीत, एसएसडीचं बिल तेवढं मला भरू दिलंत आणि वर म्हणालात, "कुठे चार जीबीची डीडीआर-थ्री रॅम दिसली तर सांग, एकाला हवी आहे." तर मैत्रिणीकडे एक बंद पडलेला सीपीयू आहे, त्यात सापडली. तिलाही लोकांनी तो भंगारात घालायला सांगितलं होतं. तिने ती काढून माझ्याकडे दिली आहे. मी कागदात गुंडाळून वर लिहून ठेवली आहे, तुमच्याइतक्या सरळ शिरोरेघा जमल्या नाहीत. न्यायला या, आणि आलात की स्कॅनरकडेही एकदा बघा.

आपली,
मुद्रितवाली