भीती कमी झाली की घर मागे पडले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘द कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स’ या ५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या, ‘कॉन्ज्युरिंग’ मालिकेतील चौथ्या भयपटाविषयी नाशिकच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आपल्या पुरवणीत वाचल्या. शेवट पाहून डोळे पाणावल्याचे सांगणारे आणि मध्यंतरालाच कंटाळल्याचे सांगणारे असे दोन्ही तऱ्हेचे प्रेक्षक त्यात होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र नाराज प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी ‘यात भीतीच कमी आहे’ असे जे निदान केले आहे, ते मला पटत नाही.

दचकवणाऱ्या जागा या भागात भरपूर आहेत. लग्नाचा पोशाख घालून पाहताना आरशांच्या खोलीत सापडलेली ज्युडी (झपाटलेल्या घरांचा छडा लावणाऱ्या एड आणि लॉरेन वॉरेन या मालिकेतील मुख्य दाम्पत्याची मुलगी), किंवा घरगुती समारंभाची व्हिडिओ कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहण्याचा प्रसंग, ही दृश्ये जुन्या भागांच्या तोडीची आहेत. कमी पडले आहे ते झपाटलेले घर आणि त्यात राहणारी माणसे. जेम्स वान यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१३ च्या पहिल्या भागात ऱ्होड आयलंडमधील पेरॉन कुटुंब नव्या घरात राहायला येते, कुत्रा आत पाऊल टाकायला तयार होत नाही, घड्याळे पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी बंद पडतात, पाच मुली टाळ्यांच्या आवाजावरून लपाछपी खेळतात. आणि या साऱ्यातून त्या घराचा जिना, तळघर, कपाट आपल्या इतके परिचयाचे होते की पुढे अंधारात नुसती टाळी वाजली तरी ती कुठून आली असेल याचा अंदाज आपणच बांधू लागतो. दुसऱ्या भागात (२०१६) लंडनमधील एनफिल्डच्या घरातील जॅनेटची मुलाखत आठवावी : एड पाठ फिरवून बसलेला, मागे धूसर दिसणारी मुलगी, आणि तिच्या तोंडून येणारा म्हाताऱ्याचा आवाज. तिथे कोणी अंगावर धावून येत नाही, तरी अंगावर काटा येतो.

मायकल चावेस यांच्या २०२१ च्या तिसऱ्या भागाने घर सोडून न्यायालयीन खटल्याची वाट धरली, तेव्हाच हा ताण सैल होऊ लागला होता. चौथा भागही चावेस यांचाच. त्यात १९८६ सालचे पेनसिल्व्हेनियातील स्मर्ल कुटुंब आहे; आईवडील, चार मुली आणि आजी-आजोबा असे भरले घर. अशा दाटीवाटीच्या घरात भीती कशी शिरते, हे दाखवायला किती वाव होता! पण कथा वारंवार त्यांना तसेच सोडून वॉरेन दाम्पत्याकडे, म्हणजे एडचे दुखणे, ज्युडीचे लग्न आणि होणारा जावई यांच्याकडे वळते. पहिला भाग ११२ मिनिटांचा होता, हा १३५ मिनिटांचा आहे. आणि वॉरेन दाम्पत्य स्मर्ल यांच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत त्यातला बराचसा वेळ सरलेला असतो.

शिवाय वॉरेन दाम्पत्यावरील संकट भिववीलच कसे? खरे एड वॉरेन २००६ मध्ये वारले आणि लॉरेन २०१९ मध्ये, हे या मालिकेच्या अनेक चाहत्यांना ठाऊक आहे. मग १९८६ मध्ये घडणाऱ्या कथेत एडच्या हृदयाची धास्ती घेऊन आपण किती वेळ श्वास रोखून बसणार? (या दाम्पत्याच्या दाव्यांविषयी संशोधकांनी वेळोवेळी शंका घेतलेल्या आहेत, त्यामुळे ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटीही जपूनच वाचायला हवी.) आपल्याकडे ‘राझ’ आणि ‘१९२०’ या मालिकांत नाव तेवढे कायम राहिले, पात्रे आणि कथा मात्र बदलत गेल्या. त्यामुळे तिथे कोणत्याही पात्राच्या जिवाची हमी नव्हती. पण कोणाचा निरोप घ्यावा असा जिव्हाळाही जुळला नाही. ‘कॉन्ज्युरिंग’ने लॉरेन आणि एड साकारणाऱ्या व्हेरा फार्मिगा आणि पॅट्रिक विल्सन या दोघांना चारही भागांत जपले आणि त्यातून जिव्हाळा मिळवला. त्याची किंमत स्मर्ल कुटुंबाने मोजली, असे माझे मत आहे.

म्हणूनच कॉलेज रोडवरच्या ज्या मुलामुलींनी शाळेत असल्यापासून ही मालिका पाहिली, त्यांना शेवटचा लग्नसोहळा भावला, आणि केवळ एक भयपट म्हणून तिकीट काढलेल्यांना तोच सोहळा लांबलेला वाटला. पहिल्यांच्या भावनेला मी नावे ठेवणार नाही. या मालिकेत सर्वाधिक कमाई याच भागाने केली, त्यात त्यांचा वाटा नक्कीच मोठा असणार. माझे स्वतःचे मत मात्र दुसऱ्यांच्या बाजूने झुकते.

आपल्याला एक विनंती आहे. एखाद्या मालिकेच्या तिसऱ्या-चौथ्या भागावरील प्रतिक्रिया छापताना त्या प्रेक्षकाने आधीचे भाग पाहिले आहेत किंवा नाहीत, आणि चित्रपट मूळ इंग्रजीत पाहिला की हिंदीत, एवढे नावाखाली द्यावे. तीन तारे आणि चार तारे यांपेक्षा तिकीट काढू पाहणाऱ्या वाचकाला त्याचा अधिक उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक